पोहता न येणारा शुक्राणू: कोळंबीचं फलन पाहताना

कोळंबीच्या शुक्राणूला शेपटी नसते. तो पोहत नाही, वळवळत नाही, अंड्याचा पाठलाग करणं तर दूरच. एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेताना हे वाचलेलं होतं, तरी मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर सगळे मेलेलेच वाटले. गोल डोक्याच्या टाचण्या सांडाव्यात तसे निपचित: एक गोळा, त्यावर टोपी आणि टोपीतून निघालेला एकच काटा.

मग फलन होतं कसं, हे समजायला आधी मादीकडे पाहावं लागतं. वाघ कोळंबीची मादी कात टाकते आणि अंग मऊ असतानाच नर तिच्या शेवटच्या पायांमधल्या थेलिकम नावाच्या कप्प्यात शुक्राणू ठेवतो. तिथे ते नुसते साठत नाहीत, तयारही होतात. अंडी ठेवलेलं पाणी आम्ही दोन्ही नमुन्यांवर टाकून पाहिलं. थेलिकममधल्या शुक्राणूंच्या टोप्या फुटायला लागल्या. थेट नराकडून घेतलेले बहुतेक ढिम्म. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि पुस्तकं नेमकी तोच एका ओळीत उरकतात.

अंडी पडतात ती बहुधा रात्री. टॉर्च मारला की पाठीतून अंडाशयाचा गडद हिरवट पट्टा रुंद झालेला दिसतो, तो दिसला की जागायचं. चालण्याच्या पायांच्या तिसऱ्या जोडीच्या बुडाशी असलेल्या छिद्रांतून अंडी सुटतात, त्याच वेळी थेलिकममधले शुक्राणूही मोकळे होतात. आईच्या अंगाखालीच दोघांची गाठ पडते, त्यामुळे पोहायची गरजच उरत नाही.

खरी घाई पुढे आहे. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम लागलं की अंड्याच्या कडेला दाटीने बसलेल्या कांड्या बाहेर पडतात, फुगतात आणि त्यांची जेली होते. मॅग्नेशियमशिवाय हे होत नाही, हे 1977 सालीच दाखवलं गेलं होतं. म्हणजे अंडं पाण्यात पडलं की घड्याळ सुरू झालंच. म्हणून पहिली काही अंडी सोडून द्यायची, मादीला ताज्या पाण्याच्या बीकरमध्ये हलवायचं आणि स्टॉपवॉच दाबायचं. बीकर हलकेच फिरवत राहायचा, नाहीतर जेलीमुळे अंड्यांचे गठ्ठे होतात. 15 सेकंद, 30 सेकंद, 1 मिनिट असं ड्रॉपरने उचलून फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे अंडी आहेत त्या अवस्थेत टिकवणाऱ्या द्रवात, टाकायचं. ट्यूबवरची लेबलं आधीच आणि पेन्सिलनेच लिहायची, शाई विरघळते. त्या वेळी लिहायला हात मोकळा नसतो.

सुरुवातीच्या स्लाइडवर शुक्राणू काट्याच्या टोकाने अंड्याच्या पातळ आवरणाला टेकलेला सापडला. नंतरच्या स्लाइडवर टोपी फुटलेली, काटा नाहीसा झालेला. टोपीत आवरण विरघळवणारी द्रव्यं असतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सिसिओनिया इन्जेन्टिस या कोळंबीत काटा गेल्यावर त्या जागी बारीक तंतू तयार होतो. प्रत्येक जातीत हे असंच घडेल असं धरून चालू नये. आपल्या डोक्यात पुस्तकातलं सागरी साळिंदराच्या (सी अर्चिनच्या) अंड्याचं चित्र इतकं पक्कं बसलेलं असतं की स्लाइडवर आपण तेच शोधत राहतो.

शुक्राणू आत गेल्यावर अंड्याचं अर्धवट राहिलेलं विभाजन पूर्ण होतं. डीएनएला लागणारा रंग घातला की त्या विभाजनात बाहेर टाकलेले बारीक गोळे, म्हणजे ध्रुवपिंड, ठिपक्यांसारखे दिसतात. हे चित्र माझ्या थिसिसमध्ये आहे, पण त्याहून कामाची गोष्ट दुसरीच आहे. जेली बाहेर यायला शुक्राणू लागत नाही, त्यामुळे जेली दिसली म्हणजे अंडं फळलं असं नाही. न फळलेली अंडीही वेडीवाकडी विभागतात. म्हणून फलनाचं प्रमाण काढताना दोन-चार पेशींच्या अवस्थेपर्यंत थांबायचं आणि ज्यांच्या पेशी एकसारख्या दिसतात तीच अंडी मोजायची.