तेल मोजून घातलं तरी मशीन जाम झालं: माझा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये वेसाव्याच्या खाडीत आमचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लटकवायचं मशीन, जाम झालं आणि जो तो येऊन एकच सांगत होता, तेल कमी पडलं. पण तेल मी स्वतः मोजून घातलं होतं, दहा लिटर पेट्रोलला २०० मिली, त्यात चूक नव्हती. मग मशीन गेलं कशाने ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर वाटलं की हे लिहायलाच हवं, कारण आमच्या बंदरावरची निम्मी पोरं अजूनही मी करत होतो तेच करतात आणि पहाटे होडीत एकटीच असतात.

होडी माझ्या मामाची. फायबरची, छोटी, दोन माणसांत जाळं टाकता येतं अशी. मोठ्या बोटींना पोटात डिझेल इंजिन असतं, आमच्यासारख्यांना मागे लटकवायचं मशीन, आमचं ८ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. मामाचे गुडघे गेल्यापासून शनिवार-रविवार मी जातो, बाकीचे दिवस मालाडला नोकरी. मामाने मला जाळं शिकवलं, खाडीचं तोंड कुठे उथळ आहे ते शिकवलं, आणि पेट्रोलबद्दल एवढंच शिकवलं की लिटरला वीस मिली तेल, जरा जास्त झालं तरी चालेल, कमी नको. हे गणित त्याच्या जुन्या चेतक स्कूटरवरून आलेलं. ज्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवलीय त्यांना आठवत असेल, पंपावर पेट्रोलच्या आधी तो माणूस विचारायचा ऑइल किती, आणि दांडा दाबून काचेच्या नळीतलं तेल टाकीत सोडायचा. मामा तेच स्कूटरचं टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल होडीला वापरायचा, म्हणून मीपण तेच.

टू-स्ट्रोकला हे तेल एवढं का लागतं ते आधी सांगतो, कारण मलाही ते मशीन उघडल्यावरच नीट समजलं. फोर-स्ट्रोकमध्ये खाली तेल वेगळं साठवलेलं असतं, ते सगळीकडे फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये तसं काही नाही, पेट्रोल आणि हवा कार्बोरेटरमधून आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये जातात आणि तिथून वर सिलिंडरमध्ये. क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला, रिंगांना जे काही तेल मिळतं ते त्या वाटेवरच्या पेट्रोलमधून मिळतं, दुसरीकडून नाही. म्हणजे पेट्रोलमध्ये तेल नसेल तर मशीन कोरडं चालतं, आणि कोरडं मशीन काही मिनिटांत जातं. (काही मशीनला तेलाची वेगळी टाकी असते आणि ते आपोआप मिसळतं, त्यांचं हे मोजमाप वेगळं, माझं सगळं सांगणं हाताने मिसळायच्या मशीनबद्दल आहे.)

तर त्या दिवशी काय झालं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मशीनवाल्या होड्या सगळ्या वर ओढलेल्या. मेच्या शेवटी आमच्या टाकीत दहाएक लिटर मिक्स केलेलं पेट्रोल उरलं होतं, टाकी तशीच होडीत, वर निळी ताडपत्री. नारळी पौर्णिमा झाली, त्यानंतरच्या रविवारी मी आणि मामेभाऊ निघालो. रस्सी बरीच खेचावी लागली, चोक दिला, मग लागलं एकदाचं, पण स्लोवर एकसारखं चालेना, मधेच चढायचं मधेच बसायचं. मला वाटलं दोन महिने पडून होतं म्हणून असेल, गरम झालं की सुधारेल. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बघितली, मागून नीट येत होती. आमच्या खाडीत प्लास्टिकची पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर बसते आणि मशीन तापतं, त्यामुळे धार आधी बघायची सवयच आहे. मढच्या धक्क्याच्या समोर आलो तसा जोर पडायला लागला, मी थ्रॉटल वाढवला, परत पडला, परत वाढवला, आणि एकदम किर्रर्र असा आवाज येऊन बंद. रस्सी खेचली तर हलेना, म्हणजे तसूभरही नाही. ओहोटी लागलेली आणि पाणी बाहेर समुद्राकडे ओढत होतं. नांगर टाकला म्हणून थांबलो. अर्ध्या-पाऊण तासाने आमच्याच पाड्यातल्या एकाची होडी आली, त्याने दोर बांधून आत आणलं. बंदरावर पहिलं वाक्य ऐकलं ते हेच, "तेल कमी परला तुजा." मामा काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

मिस्त्रीकाकांनी हेड काढलं. वरचा सिलिंडर ठीक होता, खालच्या पिस्टनवर एग्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, बोट फिरवलं तर खरखर लागत होतं, आणि पिस्टनचं अॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला सारवल्यासारखं चिकटलेलं. रिंगा तर दोन्ही पिस्टनच्या खाचांत काळ्या कार्बनने घट्ट बसलेल्या, नखाने दाबल्या तरी आत-बाहेर होईनात. काका म्हणाले, "तेल किती घातलंस?" मी सांगितलं. "कधी?" म्हटलं मे महिन्यात. ते एकदम थांबले आणि म्हणाले टाकी घेऊन ये.

टाकीच्या तळाचं पेट्रोल त्यांनी नळीने ओढून एका काचेच्या बाटलीत घेतलं आणि बाटली स्टुलावर ठेवून दिली. दहा मिनिटांत तिच्यात स्पष्ट दोन थर झाले. वरचा थर निळसर, तो आमच्या टूटी ऑइलचा रंग. खालचा पाण्यासारखा, किंचित गढूळ, निळेपणाचा मागमूस नाही. मधली रेघ अशी की पट्टी लावून मोजावी. काका बोटाने खालचा थर दाखवत म्हणाले, "मोजलंस बरोबर रे बाळा, पण मशीनने ते प्यायलंच नाही." टाकीतली ओढायची नळी तळापर्यंत जाते ना, ती खालचं पीत होती. होडी हलत होती म्हणून कधी थोडं वरचं मिळत होतं, कधी नुसतं खालचं, तेच ते चढणं-बसणं. आणि मी वर थ्रॉटल देत होतो.

खालचं ते काय, तर पाणी आणि इथेनॉल. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ई२० पेट्रोल यायला लागलं, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल, आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी ते पोटात घेतं आणि पेट्रोल तसंच दिसत राहतं, पण पाणी त्याहून वाढलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. तेल मात्र पेट्रोलबरोबर वर राहतं. म्हणजे खालच्या थरात जळण्यासारखं थोडंफार आहे, तेल जवळजवळ नाही. पाणी आलं कुठून तर टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो, चालवताना उघडायचा नाहीतर टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल येत नाही. तो मी मेमध्ये बंदच केला नव्हता. मुंबईचा जून-जुलै, ताडपत्रीवरून गळणारं पाणी, आणि समुद्रकाठची दमट हवा दोन महिने आत-बाहेर. एवढासा स्क्रू.

आणि रिंगा का चिकटल्या होत्या ते वेगळंच प्रकरण निघालं, ते एका दिवसाचं नव्हतं, सगळ्या वर्षांचं होतं. स्कूटरचं इंजिन हवेवर थंड होतं, फार तापतं, त्याच्या तेलात तो ताप सोसण्यासाठी धातूयुक्त घटक घालतात, ते जळल्यावर राख उरते. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, त्यामानाने गार चालतं, तिथे ती राख आणि कार्बन रिंगांवर, प्लगवर बसत जातो. म्हणून पाण्यावर थंड होणाऱ्या मशीनसाठी वेगळं, राख न करणारं तेल येतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं, ती अक्षरं बघूनच घ्यायचं. स्कूटरच्या तेलाच्या डब्यावर जासो (जपानी दर्जाची खूण) एफसी किंवा एफडी असतं, ते चांगलं तेल आहे पण स्कूटरला. मोटरसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल तर अजिबात नाही, मी बंदरावर तेही घालताना पाहिलंय. टीसी-डब्ल्यू३ महाग वाटतं, मलाही वाटलं, पण दहा लिटरला २०० मिलीच लागतं, आणि नवीन पिस्टनचा खर्च बघितल्यावर ते महाग वाटायचं बंद झालं.

मशीन दोन आठवड्यांनी मिळालं. सिलिंडर आतून घासून मोठा केला, त्याच्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन, नवीन रिंगा, गॅस्केट, बेअरिंग सुदैवाने शाबूत. पेट्रोलच्या होसमधला रबरी फुगा आणि तो होसही बदलले, जुने आतून फुगून मऊ पडले होते. टाकी आणि मशीनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. टाकीतलं ते दोन थरांचं पेट्रोल खाडीत ओतायचं नव्हतं, झाकण लावून काकांकडेच दिलं, ते नट-बोल्ट धुवायला वापरतात.

आता नवीन पिस्टन म्हणजे रिंगा बसेपर्यंत पहिले दहा तास डबल तेल, आमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्येही तसंच आहे. पन्नासास एक (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल) ऐवजी पंचविसास एक, म्हणजे दहा लिटरला ४०० मिली. मामा खूश झाला, म्हणाला मग कायमच असं घालत जा. इथे मला त्याला बसवून समजवावं लागलं, आणि हे मी सगळ्यांनाच सांगेन. तेल जास्त म्हणजे मशीन जास्त सुरक्षित असं नाही. प्लग तेलकट होऊन मिस मारतो, कार्बन वाढतो, हे एक. दुसरं म्हणजे कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीकच द्रव जातो, त्यात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी झालं, हवा तेवढीच, म्हणजे मशीन उलट जास्त गरम चालतं. दहा तासांपुरतं जोर न लावता चालवतो म्हणून ते चालतं.

पेट्रोल आणायलाच त्रास झाला. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पंपवाल्याने दिलं नाही, आधी राग आला, पण त्याचं बरोबर होतं. मग नागदेवी स्ट्रीटवरून दहा लिटरचे पत्र्याचे दोन कॅन आणले. भरताना कॅन स्कूटरवर ठेवायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा आणि नोझल कॅनला टेकलेलं हवं, स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून. मिसळायचं काम बंदरावर उघड्यावर करतो, घरात नाही, आणि आसपास कोणी विडी ओढत असेल तर थांबतो.

तेल मोजायला आमच्या मुलीची जुनी दुधाची बाटली आहे, तिच्यावर मिलीच्या रेघा असतातच, बायकोने २०० च्या रेघेवर लाल नेलपॉलिश लावून दिलं म्हणजे पहाटेच्या अंधारात टॉर्च मारला की दिसतं. तिच्यात फक्त तेल, पेट्रोल कधीच नाही. रिकाम्या कॅनमध्ये आधी पाच लिटर पेट्रोल, मग तेल, झाकण घट्ट, आणि चांगलं हलवायचं, मग उरलेलं पाच लिटर, परत हलवायचं. दहा लिटरच्या कॅनमध्ये दहा लिटर भरून हलवलं तर आत जागाच नसते, तेल तळाशी लोळत राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाकीत मिसळायचं नाही. पूर्वी आम्ही अर्ध्या टाकीत वरून पेट्रोल ओतायचो आणि अंदाजाने तेल, आता आत आधीचं किती आहे आणि त्यात तेल किती आहे हे कोणाला माहीत? कॅनमध्ये तयार करायचं आणि तयारच टाकीत ओतायचं, मग टाकीत त्याच प्रमाणाचं आधीचं कितीही उरलेलं असो, प्रमाण बिघडत नाही. एका वेळी दोन रविवार पुरेल एवढंच करतो.

ते दहा तास आम्ही चार रविवारांत पूर्ण केले. सुरुवात नुसती स्लोवर, मग कमी-जास्त करत, फुल थ्रॉटल एकदाही नाही, निळा धूर एवढा की मामेभाऊ पुढे जाऊन बसायचा. दोनदा प्लग काळा होऊन मिस मारला, जादा प्लग आणि पाना खिशात होता, बदलला. मग पन्नासास एक सुरू केलं आणि दोन फेऱ्यांनंतर प्लग काढून बघितले, दोन्ही फिकट बदामी, कोरडे. मामाने ते हातात घेऊन चष्म्याजवळ नेऊन उलटसुलट बघितले आणि परत माझ्या हातात दिले, म्हणाला, "तो तेलाचा डबा कुठून आणलास, दोन आण."

या मेच्या शेवटच्या रविवारी परत आल्यावर मशीनला गोड्या पाण्याने धुतलं, ते पाणी चालू असतानाच मशीन स्लोवर ठेवून पेट्रोलचा होस काढला आणि कार्बोरेटरमधलं होतं तेवढं संपून आपोआप बंद पडेपर्यंत थांबलो. टाकीत दोनेक लिटर उरलं होतं, ते त्याच दिवशी शेजारच्या होडीवाल्याला दिलं, त्याचंही मशीन पन्नासास एकचं आहे आणि त्याची अजून दोन दिवस फेरी होती. टाकी पुसून, सुकवून, हवेचा स्क्रू घट्ट बंद करून मामाच्या पडवीत वर टांगली आहे.