आमची वाटचाल: लिंबाखालचा काटा

कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात 2014 साली थोरल्या भावानं आणि मी 10 शेळ्या अन् 1 बोकड घेऊन सुरुवात केली. जात अर्थातच उस्मानाबादी. उन्हाला काटक, बोरी-बाभळीच्या पाल्यावर निभावणारी, बऱ्याचदा जुळी देणारी. दुष्काळात आम्ही बैल विकले, शेळ्या ठेवल्या. 2019 पर्यंत गोठ्यात 60 शेळ्या झाल्या आणि आसपासच्या गावांतली बोकडं घेऊन विकायचा व्यापारही बसला.

व्यवहार सगळा आठवडी बाजारात. व्यापारी बोकडाच्या कमरेवर हात दाबतो, ओठ उचलून दात बघतो आणि आकडा सांगतो. कुठं कुठं दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात. वजन कुणी करत नाही. आम्हीही असंच घेत होतो, असंच विकत होतो.

2020 च्या फेब्रुवारीत कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा उठली. त्या महिन्यात आमची बोकडं चढ्या भावानं गेली, पण शेजारच्या पोल्ट्रीवाल्यानं तयार पक्षी अक्षरशः वाटून टाकले. त्या कमाईचा आनंद आम्हाला कधी झाला नाही.

मग 22 मार्चचा जनता कर्फ्यू, पाठोपाठ लॉकडाऊन, आणि बाजार बंद. पशुखाद्याच्या वाहतुकीला सरकारची सूट होती, तरी सरकी पेंडीचा आमचा टेम्पो जिल्ह्याच्या हद्दीवर अख्खा दिवस अडकला. गोठ्यात ईदसाठी राखलेली 27 बोकडं होती. ईदचा बोकड म्हणजे वर्षभराची मेहनत. वर्षाचा पूर्ण, दुदाती म्हणजे दोन पक्के दात आलेला, शिंग-कान धड, अंगावर चकाकी. सण टळला की तोच बोकड मटणाच्या भावात येतो, आणि खुराक रोजचा रोज चालूच राहतो.

1 ऑगस्टच्या ईदआधी राज्य सरकारनं सूचना काढल्या: जनावरांचे बाजार बंद, खरेदी ऑनलाइन किंवा फोनवर करावी, शक्यतो प्रतीकात्मक कुर्बानी करावी. पुतण्यानं एकेका बोकडाचा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकला. गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न एकच, "वजन किती?" त्याचं उत्तर द्यायला तोवर आमच्याकडं काटा आलेला होता. 27 पैकी 11 फोनवर गेली, बाकीची खाटकांना वजनावर. नफा नाही झाला, पण कर्जाचा हप्ता चुकला नाही.

तो काटा आणला होता जूनच्या सुरुवातीला, मृगाच्या तोंडावर. शेजारच्या वाडीतल्या मावशी तोंडाला पदर लावून दारात आल्या, हातात बोकडाची दोरी. बियाण्याला पैसे हवे होते. बाजार बंद, दारावर आलेला व्यापारी पाच हजारांवर एक रुपया चढेना. भावानं लिंबाच्या फांदीला काटा टांगला, पोत्याची झोळी करून बोकडाच्या पोटाखालून घातली. पाय अधांतरी होताच बोकड ओरडला, मग गप झाला. 29 किलो.

"पुन्यांदा कर, बाबा," मावशी म्हणाल्या.

पुन्हा 29. खाटकाशी फोनवर ठरलेल्या 260 च्या भावानं 7540 रुपये झाले. मावशींनी नोटा तिथंच दोनदा मोजल्या, पदराला गाठ मारली आणि म्हणाल्या, "इतकी वर्सं आमी किती सोडलं असंल रं?" भाऊ काही बोलला नाही. मीही नाही, कारण त्या वाडीतली बोकडं नजरेवर घेणाऱ्यांत आम्हीही होतो.

बाजार बंद करणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. गर्दीत रोग पसरतो, माणसांचाही आणि जनावरांचाही. बाजारातून आणलेल्या एका तरुण शेळीमागं पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग आमच्या गोठ्यात शिरला होता, 9 करडं गेली. तेव्हापासून नवीन जनावर 21 दिवस वेगळं बांधतो, लस चुकवत नाही. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा पक्षी नष्ट करण्यावाचून इलाज नव्हता. पण पाच-दहा शेळ्यांच्या धन्याला आठवडी बाजार म्हणजे दवाखाना, बियाणं, लेकराची फी. तो बंद करताना विक्रीची दुसरी वाट त्याच दिवशी उघडली पाहिजे. आमच्याकडं ती उघडायला अडीच महिने गेले आणि तेवढ्यात कितीतरी बोकडं मातीमोल भावानं गेली.

सप्टेंबर 2022 मध्ये लम्पीमुळं गुरांचे बाजार पुन्हा थांबले. लम्पी गाई-म्हशींचा रोग, पण आमच्याकडं मैदान एकच, म्हणून शेळ्यांचा बाजारही भरला नाही. या वेळी फोन आम्ही नाही, गावांनी केले: काटा घेऊन कधी येता?

आता दर गुरुवारी चार वाड्यांत गाडी जाते. भाव आदल्या रात्री ग्रुपवर टाकतो, वजन मालकासमोर दोनदा करतो, पैसे जागेवर. वहीत प्रत्येक बोकडापुढं वजन, भाव आणि मालकाची सही किंवा अंगठा असतो. पहिल्या पानावर मावशींचा आहे.