पंजाब मेल सोडून केकी मूस

चाळीसगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला नुसतं 'केकी मूस' म्हटलं, या गावात राहून गेलेल्या छायाचित्रकाराचं नाव, आणि पुढचं त्यानेच सांगितलं. "बाबूजीना बंगला ना? चला, बठा." बाबूजी म्हणजे मूसच. रिक्षा वळायच्या आत त्यांची गोष्ट सुरू. मुंबईची मुलगी, तिने दिलेलं वचन, रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला उघडणारं दार, दोघांचं मांडलेलं जेवण. ती आली नाही, हे थांबले. बंगला इतका जवळ की गोष्ट आणि रस्ता एकदमच संपले.

गोष्ट सुंदर आहे. मलाही तिनेच पहिल्यांदा इकडे ओढलं होतं. पण आत जे पाहिलं त्यानंतर तिचा राग यायला लागला.

आमच्या पुढे दहा-बाराजणांचा घोळका होता. "ते दार कुठलं?" एवढंच त्यांना हवं होतं. दाराशी उभं राहून मोबाईलवर फोटो काढले, मुलीचं नाव विचारलं आणि भिंतीवरच्या चित्रांकडे मानही न वळवता मंडळी बाहेर. ज्या माणसाने आयुष्यभर फक्त पाहण्याचं काम केलं, त्याच्याच घरी येऊन न पाहता जायचं? मला ते फार लागलं.

मग मी थांबले. एका निसर्गदृश्यासमोर बराच वेळ उभी होते. दूरवर गेलेली वाट, झाडं, वर भरून आलेलं आभाळ. दाखवणारे काका शांतपणे म्हणाले, "ताई, हे सगळं टेबलावरचं आहे." टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणजे काय हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांना ते पटेना. वाळू, काटक्या, कापूस असलं हाताशी येईल ते मांडायचं, दिव्याचा उजेड हवा तिथूनच पाडायचा आणि कॅमेरा इतका खाली आणायचा की काडीचं झाड व्हावं. जरा वर धरला तर सगळं उघडं पडणार. शिवाय तो फिल्मचा काळ, जमलं की नाही ते अंधाऱ्या खोलीत धुऊन झाल्यावरच कळायचं. सुमारे पन्नास वर्षं जवळजवळ घराबाहेर न पडलेल्या माणसाने डोंगर, वाटा, ऋतू सगळं त्या एका टेबलावर आणलं. माझ्या मते त्यांची खरी गोष्ट ही आहे. ती सांगायला रिक्षातला वेळ पुरत नाही, हे मात्र खरं.

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मुंबईचा. योगायोग असा की पंजाब मेलही त्याच वर्षी धावू लागली. पारशी घर, चाळीसगावात आईवडिलांचा व्यवसाय. इंग्लंडला जाऊन कला शिकून आलेला हा तरुण मुंबईत सहज नाव काढू शकला असता. तो खानदेशात आला आणि घराला नाव दिलं 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. रेम्ब्रांट म्हणजे उजेड-काळोखाच्या खेळासाठी नावाजलेला डच चित्रकार. ते नाव किती चपखल आहे, हे मूस यांनी टिपलेले म्हातारे चेहरे पाहिल्यावर कळतं. एका बाजूने आलेला उजेड, बाकी गडद काळोख, आणि सुरकुती न् सुरकुती बोलणारी. पुढे घराचं नाव 'आशीर्वाद' झालं. चित्रं, लाकूडकाम, मातीकाम, कागदाच्या घड्यांची कला, सतार, काय काय केलं या माणसाने! पंडित नेहरूही त्यांच्याकडे येऊन गेले, असं गावात अभिमानाने सांगतात. ३१ डिसेंबर १९८९ ला बाबूजी गेले, याच गावात.

एकट्या माणसाचे दिवस कसे जात असतील, असं काकांना विचारलं. "कामात," ते म्हणाले. मला हे उत्तर वचनाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडलं.

दुसऱ्या दिवशी पाटणादेवी झाली. मंदिर छान, ऊन भयंकर. शेवभाजी अशी तिखट की डोळ्यांतून पाणी, तरी भाकरी मागून घेतली. वाढणाऱ्या मावशींनी वर ताकाचा पेला ठेवला, त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

तुम्ही चाळीसगावला गेलात तर गोष्ट जरूर ऐका, पण रिक्षातच. आत गेल्यावर चित्रांना निदान दोन तास द्या, आणि शक्यतो हिवाळ्यात जा. मी उन्हाळ्यात गेले आणि पाटणादेवी गाठायच्या घाईत चित्रकलेची खोली भरभर उरकावी लागली. ती रुखरुख आहे. डिसेंबरचं तिकीट काढलंय, यावेळी फक्त बंगल्यासाठी.