ही यादी माझी की त्यांची

मुक्ताने वाचण्यासारखी पुस्तकं विचारली होती. फार जुनी नकोत, थोड्या कादंबऱ्या, थोडं खरंखुरं घडलेलं. मी बसून नीट लिस्ट केली आणि पाठवली तर लगेच तिचा मेसेज, "मावशी, सगळी मौजेचीच आहेत की! ही यादी तुझी आहे की त्यांची?" पुढे हसरा चेहरा. मौज म्हणजे मौज प्रकाशन. तिच्या मनातही नसेल एवढं ते मला लागलंय. दुपारपासून दुसरं काही सुचत नाहीये म्हणून लिहायला बसले.

कारण खरंच, प्रकाशक बघून मी एकही नाव घातलं नव्हतं. 'शाळा' घातलं कारण नववीतल्या मुलाच्या डोक्यात काय चालतं हे इतकं खरं मी दुसरीकडे वाचलं नाही, आणि वर तो आणीबाणीचा काळ, पण ती मुलांच्या कानावर जेवढी पडते तेवढीच ठेवलीय मिलिंद बोकिलांनी, कुठे भाषण नाही. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' त्यातल्या लंपन नावाच्या मुलासाठी, आणि ते घेतलं की 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ओघानेच आली. आशा बगेंची 'भूमी'. सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी', ते १९९० चं, मुक्ताला जुनं वाटेल पण मला नाही वाटत. अवचटांचं 'स्वतःविषयी'. बोकिलांचंच 'गोष्ट मेंढा गावाची'. आणि गौरी देशपांडे. मेसेज आल्यावर उठले आणि एकेकाची आतली पानं उघडून बघितली. मौज, मौज, परत मौज.

वाईट कशाचं वाटलं? बाकी बरंच काही माझ्यासाठी दुसऱ्यांनीच ठरवलं, त्यात आज शिरायचं नाही, पण पुस्तकं तेवढी माझी मी निवडली असं मी धरून चालले होते. हे आवडतं, हे नाही, हे मी ठरवलं, कुणाला न विचारता. आता वाटतंय की गिरगावात खटाववाडीत कुणीतरी टेबलाशी बसून कुणाची हस्तलिखितं तपासत होतं आणि माझी आवडसुद्धा तिथेच तयार होत होती, मला पत्ताच नाही. मौजेचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन, ही माणसं लेखकाला लांबलचक पत्रं लिहायची, कथा परत पाठवायची, पुन्हा लिहून घ्यायची. लेखक घडवले असं सगळे म्हणतात. वाचक पण घडवले असणार ना, फक्त वाचकाला पत्र येत नाही त्यामुळे त्याला कळतही नाही.

आणि घरात दिवाळी अंकांत मौज पहिला यायचा. बाबा आधी वाचायचे, मग आम्ही. असो.

मग मी उलटा विचार करून बघितला की ह्या सगळ्यांत सारखं काय आहे. लंपन त्याच्या त्या मॅडसारख्या बोलीत आज्जीच्या घरचं सांगतो, सुनीताबाई त्यांच्या करड्या स्वरात नवऱ्याबद्दल आणि स्वतःबद्दल सांगतात, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आवाज कुणीच चढवत नाही. वाचकाला रडवायचं म्हणून एकही वाक्य लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच बहुतेक मला रडू येतं. मी आजही एखादं पुस्तक उघडते, लेखक पहिल्या पानापासून गळा काढायला लागला की मिटून ठेवते. ही माझी आवड की लागलेलं वळण? दुपारपासून तिथेच अडकलेय.

दुसरी बाजू जास्त टोचते. ह्या आवडीत जे बसलं नाही ते माझ्याकडे उशिरा आलं. १९६९ मध्ये छोटी अनियतकालिकं काढणाऱ्या लिटल मॅगझिनवाल्या तरुण कवींनी मौजेच्याच 'सत्यकथा' मासिकाची होळी केली ती उगाच नव्हती, त्यांना त्या दारातून आत जागा दिसत नव्हती. 'कोसला' १९६३ चं, ते देशमुख आणि कंपनीने काढलं. 'बलुतं', दया पवारांचं दलित आत्मकथन, १९७८ चं, ते ग्रंथालीचं. 'बलुतं' मी हातात घेतलं तेव्हा माझं वाचायचं वय बरंचसं होऊन गेलं होतं, आणि वाचताना जे वाटलं ते इथे लिहून होणार नाही. खालच्या सुरात बोलायची सवय असलेल्या घरात ज्यांना ओरडूनच सांगावं लागतं त्यांचं काय, हा प्रश्न त्या दिवशी पडला होता. तेव्हा सोडून दिला, आज मुक्तामुळे परत आला.

पण मग 'गोष्ट मेंढा गावाची'चं काय करायचं? ते ललित नाही, शैलीसाठी कुणी वाचणार नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं छोटंसं गोंड गाव, आणि 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत राहायचं, अभ्यासगटात बसून कायदा स्वतः वाचायचा, आणि असं करत करत २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. गावातले देवाजी तोफा काय म्हणाले, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल काय म्हणाले, हे बोकील इतकं सरळ सांगतात की आपण सभेतच जाऊन बसतो. हे पुस्तक मी तीन-चार जणांना दिलंय आणि प्रत्येकाने परत करताना गावाबद्दलच विचारलं, लेखकाबद्दल कुणी नाही. ह्याहून मोठी दाद नाही. आणि हे मला कुणी आवडून घ्यायला शिकवलं नव्हतं, उलट सुरुवातीला अहवालासारखं वाटून बाजूला ठेवलं होतं, मग एकदा आजारपणात उचललं आणि सुटेना.

तेव्हा थोडं हलकं वाटलं. आवड काय आकाशातून पडत नाही, ती कुणाच्या तरी हातून येते, आणि माझ्या बाबतीत ती ज्यांच्या हातून आली त्यांनी प्रूफं डोळ्यांत तेल घालून वाचली, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सोडलं नाही. त्या हाताने आलेलं सगळंच मला आवडलं असंही नाही. काही पुस्तकं फारच जपून लिहिलेली वाटली, सगळं सुंदर आणि आत हवा नाही. ती मी यादीत घातली नाहीतच की. म्हणजे गाळलं मीच. मुक्ताला हे सांगायला हवं.

यादी आहे तशीच ठेवणार, खाली 'बलुतं' जोडणार. मौजेचं नाही म्हणून नव्हे, 'शाळा' वाचल्यावर लगेच ते वाचावं, दोन्हीकडे मुलगाच आहे आणि दोन्हीकडची शाळा किती वेगळी आहे ते दिसतं. आधी 'शाळा', मग लंपन नको, मध्ये दुसरं काहीतरी, कारण दोन मुलगे लागोपाठ आले की लंपनवर अन्याय होतो, त्याला मोकळी जागा लागते. 'भूमी'ला वेळ दे म्हणावं, पहिल्या भागात कंटाळली तरी सोडू नकोस, २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे म्हणून नाही, तर त्यातली मैथिली हळूहळूच कळते म्हणून. गौरी देशपांडे मात्र आत्ता नको, अजून तिचं लग्नाचं, नोकरीचं काहीच ठरलेलं नाही, उगाच गोंधळेल. नाही, आत्ताच. 'एकेक पान गळावया' आधी, 'तेरुओ' नंतर. मी ते सगळं ठरून गेल्यावर वाचलं होतं आणि कितीतरी दिवस चिडले होते, हे मला आधी कुणी का दिलं नाही म्हणून.