विचारणेची तारीख

दिवस १

कथा पाठवली की वहीत दोन तारखा लिहायच्या. एक आजची, आणि दुसरी ‘कथेचं काय झालं’ हे संपादकांना विचारायची. दुसरी आजच लिहायची, कारण आज डोकं ताळ्यावर आहे. सहाव्या आठवड्यात ते नसतं. तेव्हा दिवसातून चारदा इनबॉक्स उघडायची सवय लागलेली असते आणि ‘एक ओळ टाकून बघावी का’ ही भुणभुण सुरू झालेली असते.

तारीख काढायची ती नियतकालिकाच्या नियमावलीवरून. तिथे तीन तऱ्हेची वाक्यं भेटतात. वरवर सारखी दिसली तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ‘साधारण ९० दिवसांत कळवतो’ हा त्यांचा अंदाज असतो. त्यात १४ दिवस मिळवायचे आणि १०४व्या दिवशी पत्र लिहायचं. ‘९० दिवसांनंतर विचारणा करावी’ ही परवानगी असते, त्यामुळे ९१व्या दिवशी लिहिलेलं पत्र कुणाला खटकत नाही. ‘निवड झाली तरच कळवू, ९० दिवसांत उत्तर न आल्यास कथा नाकारली असे समजावे’ असं असेल तर विचारायचं काही उरतच नाही. ९१व्या दिवशी कथा मोकळी. तिथे पत्र पाठवणाऱ्याने नियम वाचलेले नाहीत, एवढंच काय ते त्या पत्रातून कळतं.

काहीच दिलेलं नसेल तर लघुकथेला तीन महिने, दीर्घकथेला चार, आणि कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशकाकडे असेल तर सहा. हे काही कुणी घालून दिलेले नियम नव्हेत, पण एवढं थांबलेल्या माणसाला कुणी उतावळा म्हणणार नाही.

मोजणी कुठून सुरू करायची, इथे बरेचजण चुकतात. कथा मागवण्याची मुदत १ ते ३१ मार्च असेल आणि कथा १ मार्चलाच पाठवली असेल, तर ९० दिवस ३० मेला भरतात. पण पुष्कळ ठिकाणी मुदत संपेपर्यंत वाचन सुरूच होत नाही. त्यांचे ९० दिवस ३१ मार्चपासून धरायचे, म्हणजे २९ जून. वर १४ दिवस धरले की १३ जुलै. ३० मे आणि १३ जुलै यांत जवळजवळ सहा आठवड्यांचा फरक आहे. वर्षभर कथा स्वीकारणाऱ्या नियतकालिकाला मात्र पाठवल्या दिवसापासूनच मोजायचं.

वहीत रकाने हवेत ते असे: कथेचं नाव, शब्दसंख्या, कुठे पाठवली, कुठल्या मार्गाने (ईमेल, पोर्टल म्हणजे कथा स्वीकारायची वेबसाइट, टपाल), कुठल्या ईमेल पत्त्यावरून, नियमावलीतला काळ, विचारणेची तारीख, आणि एकाच वेळी दुसरीकडे पाठवायला परवानगी आहे की नाही. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये. तीन महिन्यांनी तो भरायला गेलं तर नियमावलीच बदललेली असू शकते.

दिवस ९

पोच. पोर्टलवरून पाठवलेल्या कथेची पोच बहुधा काही मिनिटांत आपोआप येते. दोन दिवसांत आली नाही तर आधी स्पॅम, मग ‘प्रमोशन्स’चा कप्पा, मग पोर्टलवरचं स्वतःचं खातं. खात्यात कथा दिसत असेल तर ती पोचली आहे, पत्राची गरज नाही.

ईमेलने पाठवलेल्या कथेला पोच देण्याची प्रथा सगळीकडे नसते. ‘पोच दिली जाईल’ असं लिहिलं असेल आणि दोन आठवडे काहीच आलं नाही, तरच विचारायचं, आणि तेही फक्त पोचण्याबद्दल: ‘अमुक तारखेला अमुक कथा पाठवली होती. ती मिळाली का, एवढंच कळवावं.’ या पत्राने विचारणेची तारीख पुढे-मागे होत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

कथा पोचूनही न पोचल्यासारखी होण्याची कारणं फार साधी असतात. फाइल युनिकोडमध्ये नसते, आणि जुन्या फॉन्टमधली कथा संपादकांच्या संगणकावर निव्वळ चिन्हांची रांगोळी होऊन उघडते. जोडपत्र जोडायचं राहून जातं. किंवा फाइलचं नाव नुसतं ‘कथा’ असतं. ज्या फोल्डरमध्ये ‘कथा’, ‘कथा १’, ‘नवी कथा’, ‘कथा अंतिम’ अशा फायली दाटीवाटीने बसल्या आहेत, तिथे आपली कुठली, हे संपादकांनी ओळखायचं कसं? फाइलच्या नावात कथेचं नाव आणि आडनाव, दोन्ही हवंच.

दिवस ४०

आज वाट बघणाऱ्यांचा आवडता उद्योग: चिन्हं वाचणं.

सबमिटेबलसारख्या पोर्टलवर कथेपुढे ‘रिसीव्हड’ असतं, मग कधीतरी ‘इन-प्रोग्रेस’ होतं. ‘इन-प्रोग्रेस’ म्हणजे कुणीतरी त्या नोंदीला हात लावला, इतकंच. कथा एखाद्या वाचकाकडे सोपवली असेल, कुणी शेरा लिहिला असेल. त्यावरून पसंती-नापसंती काढता येत नाही. काही ठिकाणी ‘रिसीव्हड’वरून थेट नकार येतो, काही ठिकाणी थेट स्वीकार.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना आणखी दोन साधनं आहेत. सबमिशन ग्राइंडर हे मोफत, ड्युओट्रोप हे वर्गणी भरून. कुठल्या नियतकालिकाने किती दिवसांनी उत्तर दिलं, याच्या लेखकांनीच केलेल्या नोंदी तिथे असतात. उपयोगी आहेत, पण वाचता यायला हव्यात. समजा, दहा नोंदींपैकी आठांना १० दिवसांत नकार आला आणि दोघांना २०० दिवसांनी उत्तर आलं. सरासरी येते ४८ दिवस. पण ४८व्या दिवशी उत्तर एकालाही आलेलं नाही! म्हणून सरासरी सोडून मधला आकडा, म्हणजे मध्यक पाहायचा, आणि त्यातही नकारांचा वेगळा, स्वीकारांचा वेगळा. शिवाय नोंद करतात ते थोडेच, बाकीचे करत नाहीत.

त्या याद्यांवरून एकच निष्कर्ष थोडाफार धरून चालता येतो. आपल्यानंतर महिनाभराने पाठवलेल्या बहुतेकांना उत्तरं आली आणि आपल्याला नाही, तर कथा पहिल्या चाळणीतून पुढे गेलेली असेल किंवा हरवलेली असेल. यातलं कुठलं, हे बाहेरून कळत नाही. विचारणेच्या पत्राचा खरा उपयोग होतो तो नेमका इथे.

उशीर का होतो? कथा आधी प्राथमिक वाचकांकडे जातात. त्यांतले बरेचसे बिनपगारी, आपापलं काम सांभाळून वाचणारे असतात. नको असलेल्या कथेचा निकाल लवकर लागतो, हवीशी वाटलेली कथा अडकते. तिला दुसरा वाचक लागतो, मग संपादक. मग अंकात आधीच तशाच विषयाच्या दोन कथा आहेत का, पानं किती उरली, हे प्रश्न. कधी कारण लेखकाच्या कल्पनेतही नसतं. २० फेब्रुवारी २०२३ रोजी क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाने नव्या कथा घेणं तात्पुरतं बंद केलं, कारण यंत्राने लिहिलेल्या कथांचा लोंढा आला होता. तो ढीग उपसायलाही माणसंच लागतात.

दिवस ५३

पाठवलेल्या कथेत चूक सापडली. सापडतेच. अनुस्वार राहिला, तिसऱ्या पानावर पात्राचं नाव बदललं, शेवटचा परिच्छेद आता कच्चा वाटतो. काही कळवायचं नाही. कथा आवडली तर या गोष्टी संपादनात निघतात, आणि न आवडण्याचं कारण अनुस्वार कधीच नसतो. अपवाद एकच: चुकून भलतीच फाइल गेली असेल, किंवा पानं गहाळ असतील. तेव्हा एकदाच, एका ओळीच्या खुलाशासह योग्य फाइल पाठवावी. पोर्टलवर फाइल बदलायची सोय नसेल तर कथा मागे घेऊन नव्याने पाठवावी लागते, आणि मग मोजणीही नव्याने.

दिवस ७१

‘आपली कथा पुढील विचारासाठी राखून ठेवली आहे.’ असं पत्र आलं की जुनी तारीख खोडायची. घड्याळ त्या पत्राच्या दिवसापासून पुन्हा सुरू होतं. पत्रात मुदत असेल तर ती अधिक १४ दिवस, नसेल तर दोन ते तीन महिने. उत्तरादाखल ‘धन्यवाद, वाट पाहीन’ एवढी ओळ पुरते, तीही पत्र माणसाने लिहिलेलं असेल तर.

ही राखून ठेवलेली अवस्था सर्वांत जास्त छळते, आणि उतावळी पत्रं याच काळात जास्त लिहिली जातात.

संपादकांनी बदल सुचवून कथा पुन्हा मागवली असेल तर हिशेब वेगळा. सुधारित कथा पाठवल्यावर सहा ते आठ आठवडे. आता ती चाळणीत नाही, एका ठरावीक माणसाच्या टेबलावर आहे, त्यामुळे लवकर विचारलेलं चालतं.

दिवस ८८

नव्वदला दोन दिवस कमी. आज पत्र लिहिलं तर उत्तरात नियमावलीचा दुवा येईल. वही मिटायची.

दिवस १०४

आज लिहायचं.

कथा ज्या मार्गाने गेली त्याच मार्गाने. पोर्टलवर पाठवली असेल तर पोर्टलच्या संदेशातून, ईमेलने पाठवली असेल तर त्याच ईमेलच्या धाग्यात, म्हणजे मूळ पत्र खाली आपोआप दिसतं. विचारणेसाठी वेगळा पत्ता दिला असेल तर अर्थातच तिथे. फोन नाही, व्हॉट्सअॅप नाही, संपादकांच्या फेसबुक पोस्टखाली तर नाहीच. चारचौघांत विचारलं की त्यांना ‘बघतो’ म्हणावं लागतं, आणि अशा ‘बघतो’ची वहीत काय म्हणून नोंद करणार?

विषय: ‘विचारणा: “कथेचं नाव”, लेखकाचं नाव, पाठवल्याची तारीख’. मजकूर:

‘मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.
मी दि. १ मार्च रोजी “—” ही कथा (सुमारे ३,२०० शब्द) आपल्या पोर्टलवरून पाठवली होती. आपण दिलेला ९० दिवसांचा काळ उलटल्यामुळे लिहीत आहे. कथा अद्याप विचाराधीन आहे का, हे कृपया कळवावे.
आपला/आपली,’

पोर्टलचा नोंदणी क्रमांक असेल तर तोही घालावा. त्याने संपादकांचा शोध अर्ध्या मिनिटाचा होतो, आणि ज्या पत्राला उत्तर देणं सोपं त्याला उत्तर लवकर येतं.

काय घालायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. ‘कथा आवडली का’ हा प्रश्न नको, कारण त्याचं उत्तर द्यायला कथा वाचावी लागते, आणि कथा विचाराधीन आहे का, हे सांगायला नुसती यादी पुरते. कथा पुन्हा जोडायची नाही, ढिगात दोन प्रती झाल्या की गोंधळ वाढतो. आपला परिचय, पुरस्कार, मागच्या पत्रांची आठवण, यातलं काही नको. ‘अन्यथा ही कथा दुसरीकडे पाठवावी लागेल’ ही वरकरणी नम्र धमकी तर मुळीच नको. तिला संपादकांकडे एकच सरळ उत्तर असतं: ‘अवश्य पाठवा.’ आणि ‘त्रास दिल्याबद्दल क्षमस्व’ तीनदा लिहू नये. मुदत उलटल्यावर विचारणं हा कामाचा भाग आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

विचारलं म्हणून कथा नाकारतील, ही भीती वहीत लिहिली की किती पोकळ आहे ते दिसतं. मुदत उलटल्यावर आलेल्या चार ओळींनी हवीशी कथा नकोशी होत नाही. विचारल्यावर कधीकधी लगेच नकार येतो हे खरं, पण तो निर्णय बहुधा झालेलाच असतो, कळवायचा राहिलेला असतो.

(एक वेगळं पत्र आहे ज्याला कुठलीच तारीख लागत नाही. कथा दोन ठिकाणी पाठवायला परवानगी होती आणि एकीकडे स्वीकारली गेली, तर दुसरीकडे त्याच दिवशी कळवायचं. उद्या नाही. उद्या तिथेही ती निवडली गेली तर दोन्ही दारं कायमची बंद होऊ शकतात.)

दिवस १३२

चार आठवडे झाले, उत्तर नाही. दुसरं पत्र, पहिल्याखालीच, दोन ओळींचं. पण आधी पाच मिनिटं नियतकालिकाकडेच पाहून घ्यावं. शेवटचा अंक कधी आला, संपादक बदलले का, ‘तूर्त कथा पाठवू नयेत’ असं कुठे लिहिलंय का. दोन ठरलेले अंक निघालेच नसतील तर मौनाचं कारण कथेत शोधण्यात अर्थ नाही. मधल्या काळात आपणच ईमेल पत्ता बदलला असेल तर जुना उघडून पाहावा. उत्तर तिथे दोन महिने पडून असल्याचं निघू शकतं.

दिवस १४६

आणखी दोन आठवडे. आता तिसरी विचारणा नाही, आता कथा मागे घेण्याचं पत्र. ‘“—” ही कथा मी आजपासून मागे घेत आहे. आपल्या वेळेबद्दल आभार.’ पोर्टलवर मागे घेण्याचं बटण असेल तर तेही दाबायचं. कारण द्यायचं नाही, सुनवायचं नाही. पण हे पत्र टाळायचंही नाही. गुपचूप दुसरीकडे पाठवलेली कथा दोन्हीकडे छापली गेली तर दोष पूर्णपणे लेखकाच्या खात्यात जातो.

पत्र गेल्यावर कथा मोकळी, त्याच संध्याकाळी पुढच्या ठिकाणी पाठवता येते. वहीत नवी ओळ, नवी विचारणेची तारीख.

मागे घेतलेल्या कथेचा स्वीकार नंतर कधीतरी येऊन थडकतो, कारण जुनं पत्र कुणी वाचलेलंच नसतं. अशा वेळी वहीच उघडावी. कथा अजून कुठेच दिलेली नसेल तर हो म्हणायला हरकत नाही. दुसरीकडे विचाराधीन असेल आणि तिथे एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायला मनाई असेल, तर आधी तिथून ती मागे घ्यायची, मग इकडे होकार कळवायचा. या क्रमात अदलाबदल नको. आणि होकारासोबत करार कधी येणार, मानधन स्वीकारावर की छापल्यावर, हे त्याच पत्रात विचारून घ्यायचं. करारासाठी तीन आठवडे, मानधनासाठी ठरलेल्या तारखेनंतर एक आठवडा. इथे मिळवायला १४ दिवस लागत नाहीत.