पहिलं शतक, पस्तिसावा श्लोक

नॉस्ट्रडॅमसचं भाकितांचं पुस्तक मी एक जुनं पोस्टकार्ड हातात धरून वाचतो. माझ्या प्रतीत वर चार ओळींचा श्लोक आहे आणि खाली भाष्यकाराने लावलेला अर्थ. तो अर्थ कार्डाने झाकायचा आणि नुसता श्लोक वाचायचा. रक्त, नद्या, धूमकेतू, कुणी एक थोर, कुणी एक काळा. काही म्हणता काही लागत नाही. मग कार्ड हळूच खाली सरकवायचं. ‘लंडनची आग, १६६६.’ झालं, डोक्यात दिवा लागतो. परत वर जाऊन वाचलं की तोच श्लोक आगीविषयी घडाघडा बोलायला लागलेला असतो. आता कार्ड पुन्हा ठेवून उपयोग नाही. एकदा दिसलं की ते दिसतच राहतं.

हा क्षण मला फार आवडतो. खरं तर त्या एका क्षणासाठीच मी हे पुस्तक वाचतो.

नॉस्ट्रडॅमस, म्हणजे मिशेल द नोस्त्रदाम, हा दक्षिण फ्रान्समधला सोळाव्या शतकातला माणूस. औषधं बनवायचा, प्लेगच्या साथीत रोग्यांमध्ये वावरला होता, १५५० पासून दरवर्षी पंचांगं काढायचा. १५५५ साली लियाँ शहरात त्याच्या भाकितांचं पुस्तक निघालं. त्यात ३५३ श्लोक होते. पुढे ते ९४२ झाले. हे श्लोक ‘सेंच्युरी’त विभागलेले आहेत आणि पुष्कळांना वाटतं की एकेक सेंच्युरी म्हणजे शंभर-शंभर वर्षांचं भविष्य. तसं नाही. सेंच्युरी म्हणजे शंभर श्लोकांचा गठ्ठा. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण भर्तृहरीची शतकं आपल्याला ठाऊक आहेत. गंमत म्हणजे घोटाळा व्हायची सोय आपल्याही शब्दात तेवढीच आहे. नॉस्ट्रडॅमसच्या दहा शतकांपैकी सातवं बेचाळीसवरच अडकलं. का, ते त्याला भविष्यात दिसलं नसावं.

भाषा मूळची फ्रेंच, पण तिच्यात लॅटिन, ग्रीक आणि त्याच्या गावाकडची प्रोव्हान्साल मिसळलेली. कर्ता एकीकडे, क्रियापद तिसरीकडे. प्रत्येक ओळीत दहा अक्षरावयव बसवायचे आणि वर यमकही जुळवायचं. शाळेत असताना मी कविता केल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगतो, यमक शोधणारा माणूस भविष्याकडे फारसा बघत नसतो. तो ओळीच्या शेवटाकडे बघत असतो.

त्याचा सगळ्यात गाजलेला श्लोक म्हणजे पहिल्या शतकातला पस्तिसावा. तरुण सिंह म्हाताऱ्या सिंहावर मात करील, रणांगणावर, द्वंद्वयुद्धात. सोन्याच्या पिंजऱ्यात त्याचे डोळे फोडील. दोन ‘क्लास’ एक, मग मरण, क्रूर मरण. आता कार्ड सरकवा. ३० जून १५५९. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री खेळातल्या झुंजीत घोड्यावरून भाला घेऊन उतरला. समोर त्याच्याच स्कॉटिश रक्षकदलाचा तरुण कप्तान. कप्तानाचा भाला मोडला, कपचा शिरस्त्राणातून आत शिरला, डोळ्यावर घुसला. राजा दहा दिवस तळमळला आणि १० जुलैला गेला.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. खोटं कशाला बोलू?

काटा बसल्यावर मी एकेक शब्द चाचपत गेलो. राजा म्हातारा नव्हता, चाळीस वर्षांचा होता. ते रणांगण नव्हतं, लग्नसमारंभातला खेळ होता. शिरस्त्राण सोन्याचं होतं याला पुरावा नाही. ‘क्लास’ हा शब्द लॅटिनमधून घेतला तर अर्थ होतो जहाजांचा ताफा, आणि ताफ्याचं तिथे काय काम? म्हणून भाष्यकार ग्रीककडे वळतात, तिथे त्याचा अर्थ मोडणं, भंग असा लावता येतो. ज्या भाषेत सोयीचा अर्थ मिळेल त्या भाषेचं दार ठोठवायचं. शिवाय हा श्लोक आणि हा राजा यांची छापील सोयरीक पहिल्यांदा जुळवली ती १६१४ मध्ये, नॉस्ट्रडॅमसच्या मुलानेच. म्हणजे पंचावन्न वर्षांनी. वरातीमागून घोडं निघतं हे ऐकलं होतं, पण हे घोडं तर नवरदेवाचे नातू खेळायला लागल्यावर निघालं.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे एक पत्र. जून १५५८ मध्ये, राजा मरायच्या साधारण वर्षभर आधी, नॉस्ट्रडॅमसने पुढच्या श्लोकांची अर्पणपत्रिका लिहिली ती याच हेन्रीला. मायना काय? ‘अजिंक्य.’

लंडनच्या आगीचा श्लोकही असाच. त्यात लंडनचं नाव आहे, जळणं आहे, ‘वीस, तीन, सहा’ असे अडखळते आकडे आहेत आणि त्यांतून खटपट करून ६६ काढतात. पण ओळ सांगते की लंडनमध्ये निरपराधांचं रक्त सांडेल. श्लोक छापला गेला १५५५ मध्ये आणि त्याच वर्षी मेरी राणीच्या राज्यात इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंटांना जिवंत जाळायला सुरुवात झाली होती. मला वाटतं, पठ्ठ्या भविष्य सांगत नव्हता, ऐकलेली बातमी यमकात बसवत होता.

स्पष्ट साल दिलेले श्लोक फार थोडे. त्यांतला एक म्हणतो, १९९९ च्या सातव्या महिन्यात आकाशातून एक मोठा भयंकर राजा येईल. सातवा महिना गेला, कुणी आलं नाही. भक्त डगमगले नाहीत. ११ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि जुन्या कालगणनेनं ती तारीख २९ जुलै येते! याला म्हणतात निष्ठा. त्यातही मौज अशी की जुन्या छपाईत ‘देफ्रेयर’ हा सलग शब्द आहे, मध्ये अपॉस्ट्रॉफी नाही. फोडला तर ‘भयाचा’ राजा, नाही फोडला तर ‘खर्च भागवणारा’ राजा. जग निम्मं घाबरून बसलेलं आणि येणारा बिचारा बिल द्यायला येत असेल तर?

एका अक्षराच्या या खेळाकडे फार पूर्वीच एका शहाण्या माणसाचं लक्ष गेलं होतं. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्समध्ये साथ पसरली. डोरियन लोकांशी, म्हणजे स्पार्टाशी, युद्ध चालू होतं. म्हाताऱ्या लोकांना एक जुनी ओळ आठवली: डोरियन युद्ध येईल आणि त्याच्याबरोबर ‘लोइमोस’, म्हणजे साथ. काही जण म्हणाले, छे, मूळ शब्द ‘लिमोस’ आहे, म्हणजे दुष्काळ. वाद रंगला आणि अर्थातच साथवाले जिंकले, कारण माणसं साथीनं मरत होती. तो शहाणा माणूस म्हणजे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस. तो हे सगळं नोंदवतो आणि शांतपणे पुढे म्हणतो की लोक आपल्या भोगांप्रमाणे आठवणी जुळवून घेतात. पुन्हा कधी डोरियन युद्ध झालं आणि दुष्काळ पडला तर हीच ओळ त्या पाठाने म्हटली जाईल. स्वतः त्या साथीत आजारी पडून वाचलेला माणूस हे लिहितो. चोवीसशे वर्षं झाली, यापुढे मला काही सुचलेलं नाही.

उलट टोकाचं उदाहरण आपल्या घरात आहे. भविष्यपुराणाचं प्रतिसर्गपर्व. तिथे धूसर काही नाहीच. मोगल येतात, इंग्रज येतात, कलकत्ता येतं, व्हिक्टोरिया राणी ‘विकटावती’ होऊन येते. आणि म्लेंच्छांच्या भाषेचा नमुना म्हणून हा अजरामर श्लोक: ‘रविवारे च सण्डे च फाल्गुने चैव फर्वरी, षष्टिश्च सिक्सटी ज्ञेया’. अनुष्टुभात ‘सण्डे’ बसवणाऱ्या त्या अनाम पंडिताचे पाय धरावेसे वाटतात. मात्र राणीपर्यंत एवढी लख्ख असलेली दृष्टी तिच्यानंतर एकाएकी मंदावते. अशा पोथीचा काळ काढायला फार विद्वत्ता लागत नाही. भाकितं खरी ठरायची जिथे थांबतात, तिथे लिहिणाऱ्याची शाई वाळलेली असते.

बनवाबनवीच्या या कलेला खंड नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नॉस्ट्रडॅमस आपल्या बाजूने वाचून दाखवला, तर ब्रिटिशांनीही ज्योतिषी हाताशी धरून त्याच्या नावाची भाकितं रचली. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले तेव्हा ‘दोन भाऊ दुभंगतील’ असा एक श्लोक ईमेलवरून जगभर फिरला. तो कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने काही वर्षं आधी, असला श्लोक रचणं किती सोपं आहे हे दाखवायला, स्वतःच रचला होता. त्या पोराच्या मनाचं काय झालं असेल, याचा मी कधी कधी विचार करतो. थट्टेत रचलेली ओळ आणि ती खरी ठरल्यागत सगळीकडे फिरणारी.

मागे एका रविवारी मी भाच्याबरोबर बॅडमिंटन खेळत होतो. तो सतरा वर्षांचा, मी पन्नाशी ओलांडलेला. त्याने स्मॅश मारला, फूल थेट माझ्या चश्म्यावर आदळलं. डोळा वाचला. काच तडकली आणि सोनेरी फ्रेम नाकावरच दुभंगली. घरी येऊन जुना चश्मा शोधला, पुस्तक उघडलं आणि मोठ्याने हसलो. तरुण सिंह, म्हातारा सिंह. दोघांचीही रास सिंहच. द्वंद्वयुद्ध, कारण सिंगल्स होती. सोन्याचा पिंजरा, त्यात डोळे. आणि तो भाष्यकारांना छळणारा ‘क्लास’: एका फटक्यात दोन भंग, काच आणि फ्रेम! राजा हेन्रीपेक्षा कितीतरी चोख बसत होतं. मी पेन्सिल घेतली आणि समासात तारीख घालून लिहिलं: ‘खरं ठरलं. साक्षीदार: भाचा.’

भाच्याला वाचून दाखवलं. तो हसला, पुस्तक हातात घेऊन पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “मामा, पण चौथ्या ओळीत तू मरतोस ना?”

“अरे, ती फ्रेम मेली,” मी म्हणालो.

“तसं लिहिलेलं नाही.”

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी खोडरबर शोधला आणि समासातली नोंद पुसून टाकली.