बाभळीचा नसलेला मध

भाची बुडापेस्टहून आली ती मधाची बाटली घेऊन. लेबलवरच्या अगम्य अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, हा ऑकात्सचा मध. म्हणजे अकेशियाचा." अकेशिया म्हणजे बाभूळ, एवढं वनस्पतिशास्त्र मला येतं, आणि ते मी लगेच बोलूनही दाखवलं. मेथी निवडणाऱ्या आईने मान वर केली. "बाभळीचा? काटे काढलेत ना त्यातले?"

मग शोधाशोध झाली. झाड बाभळीचं नाहीच. नाव रोबिनिया, मूळचं उत्तर अमेरिकेतलं, युरोपात आलं ते सतराव्या शतकात. फ्रान्सच्या राजाकडे रोबँ नावाचे माळी होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं. पुढे 'स्यूडोअकेशिया', म्हणजे खोटी बाभूळ, असं शेपूटही जोडलेलं आहे. इतकं सरळ सांगून ठेवलं तरी जगभर बाटल्यांवर अकेशियाच छापतात. (काटे मात्र या झाडालाही असतात. आईला हे सांगितलं नाही.) हंगेरीत वाळूची मैदानं फार. ती वाळू उडू नये म्हणून अठराव्या शतकापासून ही झाडं लावत गेले, आणि आज तिथल्या जंगलाचा जवळजवळ चौथा हिस्सा हाच आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावर गिरीपुष्प असतं ना, गुलाबी फुलांचं, ते याचं चुलत भावंड. त्याचं पहिलं शास्त्रीय नावही रोबिनियाच होतं.

आमच्या घरी मध म्हणजे महाबळेश्वरचा. त्यातही आईला जांभळाचा लागतो. काळपट, जाड आणि शेवटी जिभेवर कडसर रेघ ओढणारा. त्या मानाने हा पाहुणा अगदीच गोरा. बाटलीमागे पेपर धरला तर मथळा वाचता यावा इतका. चव गोड, मागून फुलाचा पुसटसा वास, की संपलं. घशात खवखव नाही, काही नाही. आईने चमचा चाटला आणि निकाल दिला, "पाक आहे."

मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी बिनदुधाच्या चहात घातला, आणि चहा चहाच राहिला. जांभळाचा मध घातला की त्याचा काढा होतो. मग दह्यात घातला, पिकलेल्या पेरूच्या फोडींवर घातला, पंचामृतात घातला. सगळीकडे गोडवा ठेवून हा आपला बाजूला. चार बायका बोलत असताना पोळ्या लाटत गप्प बसणारी एखादी वहिनी असते, तसा. सितोपलादीसाठी मात्र आईने जांभळाचाच काढला. औषध औषधासारखं लागलं पाहिजे, असं तिचं मत. तसं मधाबद्दल तिला मतं फार. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून तिचं आणि त्यांचं बिनसलेलंच आहे.

थंडीत आणखी एक गंमत झाली. फडताळातला जांभळाचा मध तळाशी रवाळ झाला आणि हा शेजारी तसाच्या तसा वाहता. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "बघा, तुमच्या मधात साखर निघाली. हा बाहेरचा अस्सल." आता तूप रवाळ झालं की आपण कौतुक करतो, मध झाला की थेट भेसळीचा आळ! खरं तर कण धरतं ते मधातलं ग्लुकोज. रोबिनियाच्या मधात फ्रुक्टोज त्याच्या दीडपटीच्या आसपास असतं, म्हणून तो महिनोन्‌महिने पातळ राहतो. मोहरीचा मध बघता बघता थिजतो, आणि तोही अस्सलच. बाटली कोमट पाण्यात उभी केली की झालं. थेट गॅसवर ठेवायची नाही, वास उडतो. काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना वाटीत हाच मध नेला.

भाची सांगत होती, तिकडे मे महिन्यात ही झाडं फुलतात, पांढरे घोसच्या घोस लोंबतात. फुलोरा दहा-बारा दिवसांचा. त्यातही उशिरा हिमकडाका पडला तर त्या वर्षीचा मध गेलाच. म्हणून मधवाले पेट्या गाडीत घालून दक्षिणेकडून उत्तरेकडे फुलोऱ्याच्या मागे मागे जातात. आई ऐकत नव्हती, निदान तसं दाखवत होती. मग भाचीने फोनवर फुलांचा फोटो काढून दिला आणि म्हणाली, "आजी, ही फुलं पिठात बुडवून तळतातसुद्धा."

आईने चष्मा लावला. बराच वेळ फोटो बघितला. "हादग्यासारखीच आहेत गं," ती म्हणाली. "पिठात ओवा घालतात का, विचार बरं त्यांना."